तोंडात गेलेलं सगळं

बुधवार हा आईच्या वजनाचा वार. पोटाच्या ऑपरेशनला सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत एकही बुधवार चुकला नव्हता. सकाळी सहाला, काहीही प्यायच्या आधी, ती बाथरूमसमोरच्या काट्यावर उभी राहायची. चष्मा काढून. चष्म्यालाही वजन असतं असं तिचं म्हणणं होतं, आणि नाहीतरी आकडा वाचायचं काम माझंच होतं.

"किती?"

"एकशे नऊ, चारशे."

"आणि गेल्या बुधवारी?"

"एकशे नऊ, चारशे."

"चला, काटा तरी शब्दाला पक्का आहे," असं म्हणून ती एका हातानं भिंत धरून खाली उतरली. आधी उजवा पाय, मग डावा. डावा गुडघा जास्त दुखायचा. तिनं चष्मा लावला आणि मी फ्रीजवरच्या आलेखात ठिपका टाकला.

त्या आलेखावर दोन रेषा होत्या. एक दवाखान्यानं छापून दिलेली, घसरगुंडीसारखी: एकशे अठ्ठावीसपासून निघून सातव्या महिन्यात पंच्याण्णवच्या आसपास पोचणारी. दुसरी आईची. ती सुरुवातीला छापील रेषेचा हात धरून उतरली, मग रेंगाळली आणि चौथ्या महिन्यापासून जवळजवळ आडवीच झाली. आईच्याच आठवड्यात ऑपरेशन झालेली एक शाळामास्तरीण तपासणीला भेटायची. शेवटच्या वेळी आम्ही तिला फक्त तिच्या पर्सवरून ओळखलं. आईनं तिचं तोंड भरून कौतुक केलं आणि घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

आईला बारीक दिसायची हौस नव्हती. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन शंभरच्या खाली आणा, मग मी गुडघे बदलतो. आणि डेपोच्या कार्यालयानं सांगितलं होतं की वर्षाअखेरपर्यंत नीट उभं राहता आलं नाही तर तुम्हाला शेगडीवरून काढून कुपनांच्या खिडकीत बसवावं लागेल. बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये ती सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होती. रोज दोनशे माणसं जेवायची: चालक, वाहक, वर्कशॉपमधले मेकॅनिक. "खिडकीत बसायचं म्हणजे जिवंतपणी फोटो होऊन बसायचं," असं ती म्हणायची. तिला शेगडीसमोर उभं राहायचं होतं. बाकीचं सगळं, म्हणजे भूल, टाके, केळ्याएवढं उरलेलं पोट, साठ मिलीचे पेले, औषधासारखी वाटणारी प्रथिनांची पावडर, हे तिनं त्यासाठी पत्करलं होतं.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला एक वही करायला सांगितली होती. त्यांचा नियम सोपा होता: तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. आई ते निळ्या शाईनं लिहायची, प्रत्येक ओळीला वेळ घालून. "७.१०, अंड्याचं पांढरं, एक. ८.३०, पावडर, अर्धा पेला. ९.४०, चव, रस्सा. १०.०५, चव, सूप. १०.२०, चव, भाताचं पाणी." संध्याकाळी ती वही मी बघायचे.

मी औषधांच्या खोक्यांत घातलेल्या घडीच्या कागदांची मुद्रितं तपासते. त्या कागदांवर दशांशचिन्ह एक घर सरकलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून कामावर आम्ही दोघी तपासणाऱ्या एकच कागद स्वतंत्रपणे वाचतो आणि चूक सापडली नाही तर अस्वस्थ होतो. हा कामाचा दोष आहे की स्वभावाचा, मला सांगता येत नाही. आईची वही मी तशीच वाचायचे. लाल पेन्सिल घेऊन, समासात प्रश्नचिन्हं करत. ती मला मास्तरीणबाई म्हणायची आणि वही पुढे सरकवताना हात पुढे करायची, छडी खायला करावा तसा.

सहाव्या महिन्यात मला चूक सापडली, असं मला वाटलं. रोज आठ वेळा चव. तिचा चाखायचा चमचा पंधरा मिलीचा. म्हणजे दिवसाला एकशेवीस मिली, आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तीन लिटरच्या वर. तेलासकट, बटाट्याच्या पिठुळ पाण्यासकट. मी हा हिशेब कागदावर मांडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. मी एवढंच म्हणाले की ऑपरेशन फुकट घालवायचं असेल तर तसं सांग.

आईनं तो कागद दोनदा वाचला. मग तिनं खुंटीवरच्या ॲप्रनच्या खिशातून चमचा काढला. लांब दांड्याचा, स्टीलचा, एका कडेनं झिजलेला. पातेल्यात ढवळायचा डाव वेगळा आणि तोंडात जाणारा चमचा वेगळा, ही तिची शिस्त होती; तो चमचा ती दुसऱ्या कुणाला धरूही द्यायची नाही. तिनं तो माझ्या हिशेबाच्या कागदावर ठेवला.

"घे. आता माझ्याकडे चोरीचं हत्यार नाही."

ते हसत म्हणाली होती. मीही हसले असेन. चमचा मी माझ्या खोलीतल्या कपाटाच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून वहीत "चव" हा शब्द आला नाही, आणि पुढच्या सहा आठवड्यांत वजन आठशे ग्रॅम उतरलं. त्याआधीच्या सहा आठवड्यांतही ते जवळजवळ तेवढंच उतरलं होतं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघणं हेच तर माझं काम.

चाखणं बंद झालं आणि कॅन्टीनमध्ये मीठ चुकू लागलं. सव्वीस वर्षांत कुणी असं ऐकलं नव्हतं. एके दिवशी रस्सा अळणी, दुसऱ्या दिवशी इतका खारट की एका मेकॅनिकनं विचारलं, समुद्राची पाइपलाइन जोडून घेतलीत का? डेपोत आईला मोठ्या बाई म्हणत, आणि ऑपरेशननंतर चालक मंडळी म्हणू लागली होती की आता मध्यम बाई म्हणायला हरकत नाही. ही थट्टा ती घरी येऊन रंगवून सांगायची. मिठाची थट्टाही तिनं सांगितली, पण रंगवली नाही.

त्या शेवटच्या बुधवारी ती साडेचारला घरी आली. पाय स्टुलावर घेऊन बसली, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवली. वही माझ्यापुढे सरकवली, आणि मग डावी मूठ उघडमीट करत बराच वेळ त्या मुठीकडे बघत राहिली. तिच्या बोटातल्या अंगठीला तिनं मागच्या बाजूनं दोरा गुंडाळला होता, घसरू नये म्हणून.

"मला कळलं मीठ का चुकतंय ते," ती म्हणाली. "माझी मूठ लहान झालीय."

मी विचारलं म्हणजे काय.

"रश्श्याला चार मुठी, सुपाला अडीच. सव्वीस वर्षं हेच माप. आता मुठीत मावतच नाही तेवढं. चार घातल्या की अळणी, पाच घातल्या की खारट. चाखता आलं असतं तर जमवलं असतं." तिनं मूठ पुन्हा मिटली. "तुझा काटा म्हणतो काही होत नाहीये. मूठ म्हणते होतंय. आता कुणाचं खरं मानायचं, मास्तरीणबाई?"

मी म्हणाले, काट्याचं. आणि मिठासाठी मापाचा पेला वापर.

तिनं मान हलवली. मग विचारलं की एखाद्या दिवशी सुट्टी काढून मी कॅन्टीनमध्ये येऊन चाखून देईन का. चमचा माझ्याकडेच आहे. मी म्हणाले, बघू. रात्री ती साडेनऊला झोपली. एवढाच तो दिवस.

आता जी गोष्ट सांगायची ती ही, की त्या बुधवारी मला दवाखान्यातून फोन येऊन नऊ दिवस झाले होते.

आहारतज्ज्ञ बाईंचा फोन होता. वहीच्या पानांचे फोटो मी त्यांना दर महिन्याला पाठवायचे, आणि रक्ताचे रिपोर्टही त्यांच्या हाती आले होते. त्या म्हणाल्या, तुमच्या आई ठरवून दिल्यापेक्षा कमीच खातायत, प्रथिनं कमी पडतायत, जरा जास्त द्या. मी विचारलं की मग वजन का उतरत नाही. त्या म्हणाल्या, उतरतंय, सावकाश. वय आहे, थायरॉइडची गोळी आहे, गुडघ्यांमुळे चालणं नाही. काही शरीरं आपल्याच चालीनं चालतात. मग त्यांनी विचारलं, वहीतली चव एकदम बंद कशी झाली? मी म्हणाले, मी बंद करायला लावली. त्या म्हणाल्या, त्याची गरज नव्हती, एवढ्यानं फरक पडत नाही. आणि मग हे वाक्य, जे मला विरामचिन्हांसकट पाठ आहे: "आईंना आजच सांगा, तुमचं काही चुकत नाहीये. हे एवढंच सांगा. या दिवसांत त्याची फार गरज असते."

मी म्हणाले, सांगते.

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण आई दमून आली होती. दुसऱ्या दिवशी नाही, कारण मला वाटलं, धाक आहे तोवर राहू दे, एकशे आठ दिसलं की सांगू. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला समजावलं की महिनाअखेरीस तपासणीची तारीख आहेच, तिथे बाईच सांगतील, तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेलं बरं. ही कारणं खोटी नव्हती. पण खरं कारण त्यांच्या खाली होतं. ते वाक्य म्हणायचं तर मला आधी लाल पेन्सिल खाली ठेवावी लागली असती, आणि खणातला चमचा काढून परत द्यावा लागला असता. शेवटी शेवटी तर मी ते विसरल्यासारखीच झाले होते.

गुरुवारी सकाळी साडेदहाला आई कॅन्टीनमध्ये शेगडीसमोर पडली. बटाटे उकळायला टाकले होते. रुग्णवाहिका आली तेव्हा बटाटे शिजले होते, असं मला नंतर कुणीतरी सांगितलं. कशासाठी सांगितलं, कोण जाणे. हृदय बंद पडलं होतं. ऑपरेशनचा याच्याशी संबंध आहे का, असं मी तिथल्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. नाही म्हणाले. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाही विचारलं. तेही नाही म्हणाले. भरून द्यायच्या कागदात वजनाचा एक रकाना होता. मी न आठवता लिहिलं: एकशे नऊ, चारशे.

पंधरा दिवसांनी डेपोतून निरोप आला की बाईंचं कपाट रिकामं करून न्यावं, आणि त्याच दिवशी साडेतीनला, दोन पाळ्यांच्या मध्ये, कॅन्टीनमध्ये चार शब्द बोलायचं ठरलंय, तेव्हा थांबावं. मी खणातून चमचा काढून पर्समध्ये टाकला. तो तिथेच राहायला हवा, एवढाच विचार होता.

कपाटात सपातांचा जोड होता, अर्धी संपलेली मलमाची नळी, पेन, आणि घडी केलेला ॲप्रन. स्वयंपाकघरात भांडी घासणारी बाई आता शेगडीवर उभी होती. तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळी सुरू झाली की संध्याकाळीच बंद होते. आईची सगळ्यात जुनी मैत्रीण. मला बघून तिनं हात पुसले, मला जवळ घेतलं आणि न थांबता बोलू लागली. नवी माणसं मिळत नाहीत, म्हणून साहेबांनी तिलाच उभं केलंय, रस्सा कसा होतो तो देव जाणे, दोनशे माणसांचं पोट म्हणजे काय गंमत आहे.

मी पर्समधून चमचा काढून तिच्या हातात दिला.

रेडिओ बंद पडला. तिनं चमचा उलटसुलट करून पाहिला. "हा तुझ्याकडे होता होय? मोठी म्हणायची हरवला."

मी म्हणाले, हरवला नव्हता, मी काढून घेतला होता. रोज आठ चमचे पोटात जात होते म्हणून.

"पोटात?" ती म्हणाली. "कुणाच्या पोटात?"

तिनं मला हाताला धरून बेसिनपाशी नेलं. नळाच्या मागे, साबणाच्या डब्याच्या आड, एक छोटा स्टीलचा पेला उपडा ठेवलेला होता.

"हा तिचा पेला. ऑपरेशन झाल्यापासून चव घ्यायची, जिभेवर फिरवायची आणि यात थुंकायची. मग चूळ. एक थेंब गिळला असेल तर शपथ. मीच तर घासायचे हा पेला."

मी विचारलं, मग तिनं मला का नाही सांगितलं?

"अगं पोरी, स्वतःच्या हातचं रांधलेलं थुंकायचं! दोनशे माणसं तेच खाणार. हे कुणाला सांगणार होती ती? मलासुद्धा म्हणायची, तोंड तिकडे कर." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "तू तिला विचारलं होतंस का, गिळतेस का म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. मी गुणाकार केला होता. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, तोंडात गेलेलं सगळं लिहा, आणि आईनं शब्दाला धरून तोंडात गेलेलं सगळं लिहिलं होतं. तोंडातून पुन्हा बाहेर आलेलं लिहा, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिची वही बिनचूक होती. वाचणारीनं चूक केली होती.

साडेतीनला चाळीसएक माणसं जमली. टेबलं भिंतीला लावून बाकं ओळीनं मांडली होती. कुपनांच्या खिडकीत आईचा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला. जागा सोयीची म्हणून तिथे ठेवला असेल. मागे कुठलासा पंखा घरघरत होता. मेकॅनिक मंडळींनी हात धुतले होते, पण नखांतलं काळं तसंच होतं. दोघेतिघे बोलले. एका चालकानं सांगितलं की पहाटेच्या फेरीवरून आलं की त्या न विचारता अंडं उकडायला टाकायच्या. समुद्राच्या पाइपलाइनवाला मेकॅनिक उठला, एवढंच म्हणाला की मी उगाच बोललो, आणि बसला.

मग कॅन्टीनचे व्यवस्थापक उठले. माणूस वाईट नाही. आई पडली तेव्हा रुग्णवाहिकेत तेच बरोबर गेले होते. ते म्हणाले की बाईंच्या हाताला चव होती, डेपोचं अर्धं मनुष्यबळ त्यांनी पोसलंय. वातावरण फार जड झालंय असं त्यांना वाटलं असावं. ते हसून म्हणाले, "आता चव म्हटल्यावर, चाखायची हौसही बाईंना दांडगी होती. ऑपरेशन केलं तरी चमचा काही सुटला नाही. मी म्हणायचो, बाई, असं पातेलं चाखत राहिलात तर वजन उतरायचं कसं? तर म्हणायच्या, साहेब, माझी मुलगीही हेच म्हणते."

लोक हसले. मायेनंच हसले. माझ्याकडे बघून हसले, कारण त्यात मी होते. शेजारी बसलेल्या रेडिओनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तो मला थांबवायला होता की उठवायला, ते कळलं नाही.

मला बोलायचं नव्हतं. माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. माझं काम एकटीनं, खाली मान घालून करायचं आहे. पण छापून बाहेर गेलेली चूक दुरुस्त करायची एकच रीत मला ठाऊक आहे: जिथे छापली तिथेच, तितक्याच मोठ्या अक्षरात. मी उभी राहिले. व्यवस्थापकांना वाटलं, मी आभार मानणार आहे. त्यांनी सगळ्यांना हातानं गप्प केलं.

"मला एक दुरुस्ती करायची आहे," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बरा लागला. "आईनं या स्वयंपाकघरातलं काही चोरून खाल्लं नाही. ऑपरेशननंतर ती चव घेऊन थुंकून टाकायची. तिचा पेला अजून बेसिनपाशी आहे. दोन महिन्यांपूर्वी मी तिचा चमचा काढून घेतला, आणि तेव्हापासून तिनं चाखलंसुद्धा नाही. तुमचं मीठ त्यामुळे चुकत होतं. ते तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे."

व्यवस्थापक अजून हात वर धरून उभे होते.

"तिचं वजन सावकाश उतरत होतं, कारण तिचं शरीर सावकाश चाललं होतं. बाकी काही कारण नव्हतं. दवाखान्यानं मला तसं कळवलं होतं. तिला आजच सांगा म्हणाले होते. मला नऊ दिवस माहीत होतं, आणि रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर वही घेऊन बसत होती."

आता बसायला हवं होतं. दुरुस्ती संपली होती. पण ते वाक्य अजून उरलंच होतं, आणि ते या चाळीस माणसांसाठी नव्हतं. मी खिडकीकडे वळले. ओळखपत्राच्या फोटोसाठीही तिनं चष्मा काढला होता, हे मला तेव्हा दिसलं.

"आई," मी म्हणाले, "मूठ म्हणत होती तेच खरं होतं. तुझं काही चुकत नव्हतं."